जोडीदाराने केलेल्या हत्या मोजायच्या कशा? ऑस्ट्रेलियातल्या फर्स्ट नेशन्स स्त्रियांच्या आकड्यांवर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियात सार्वजनिक आरोग्य, गुन्हेशास्त्र किंवा डेटा ॲनालिटिक्स शिकायला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रबंधात किंवा इंटर्नशिपमध्ये हा विषय कधी ना कधी येतो. ॲबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेट आयलंडर या मूळ रहिवासी समाजांतल्या, म्हणजे इथे ज्यांना एकत्रितपणे फर्स्ट नेशन्स म्हणतात त्या समाजांतल्या, किती स्त्रियांची हत्या त्यांच्या आजी किंवा माजी जोडीदाराने केली? प्रश्न एका ओळीचा आहे. शोधायला बसलं की एका संस्थेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळत नाही, वर्षं जुळत नाहीत, हत्येची व्याख्या जुळत नाही, आणि शेवटी कंटाळून ‘इतक्या पटीने जास्त’ असं एक तयार वाक्य उचललं जातं. मी या नोंदींवर बराच काळ काम करते आहे. कोणत्या क्रमाने गेलं म्हणजे गोंधळ कमी होतो, ते इथे मांडते.

आधी एकच गोष्ट मनाशी पक्की करा. हा सगळा हिशेब दोन रकान्यांवर उभा आहे. ‘ती ॲबोरिजिनल किंवा टॉरस स्ट्रेट आयलंडर होती का’ हा एक आणि ‘मारणारा तिचा कोण होता’ हा दुसरा. दोन्ही रकाने तिच्या मृत्यूनंतर दुसऱ्या कुणीतरी भरलेले असतात. ते कुणी भरले, कशावरून भरले आणि कुठे रिकामे सोडले, हे विचारल्याशिवाय भागाकाराला हात लावू नका.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा, मग त्यातला प्रत्येक शब्द तपासा

कागदावर वाक्य लिहा: कोणत्या काळात, कोणत्या राज्यांत, कोणत्या वयाच्या, कोणाच्या हत्या, कोणी केलेल्या. उदाहरणार्थ, ‘२०१३-१४ ते २०२२-२३ या दहा वर्षांत १५ वर्षांवरील फर्स्ट नेशन्स स्त्रियांच्या, आजी किंवा माजी जोडीदाराने केलेल्या हत्या, संपूर्ण ऑस्ट्रेलिया.’

इतकं लिहिलंत की अडचणी आपोआप वर येतात. ‘वर्ष’ म्हणजे जुलै ते जून की जानेवारी ते डिसेंबर? मोजायचं काय: घटना, बळी की आरोपी? एका घटनेत दोन बळी असू शकतात, एका बळीचे दोन आरोपी असू शकतात. तुमचा प्रश्न स्त्रियांविषयी आहे, तेव्हा मोजणी बळींची. आरोपींच्या तक्त्यातून टक्केवारी उचलून बळींच्या संख्येला लावणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.

२. परवानगी आणि माणसं आधी, डेटा नंतर

बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका हा टप्पा शेवटी कुठेतरी घालतात. माझ्या मते तो इथेच हवा.

या समाजांवर दोनशेहून जास्त वर्षं बाहेरच्यांनी संशोधन केलं आहे. मोजदाद झाली, अहवाल निघाले, पण आपल्या बायकांबद्दल काय लिहिलं जातंय हे त्या समाजांना क्वचितच कोणी विचारलं. म्हणून आज ‘आमच्या माहितीवर आमचा अधिकार’ ही मागणी इथे संशोधनाच्या नियमांतच आली आहे. ‘मायम नायरी विंगारा’ हा फर्स्ट नेशन्स अभ्यासकांचा गट डेटा-सार्वभौमत्वावर काम करतो. त्यांची तत्त्वं आणि ‘आयॅटसिस’ या राष्ट्रीय संस्थेची २०२० ची संशोधन-आचारसंहिता, दोन्ही पहिल्याच आठवड्यात वाचा. लांबलचक नाहीत.

व्यवहारात याचा अर्थ असा. प्रकल्पाच्या आखणीतच फर्स्ट नेशन्स सहकारी किंवा सल्लागार गट हवा, त्यांच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात हवा, आणि निष्कर्ष छापायच्या आधी त्यांच्यासमोर ठेवायला पुरेसा वेळ राखलेला हवा. तक्ते तयार झाल्यावर ‘एकदा नजर टाका’ म्हणून पाठवणं म्हणजे सल्ला नव्हे. ज्यांच्या घरातल्या लेकी-बहिणी गेल्या, त्यांना तुमच्या आलेखातली एक रेघ म्हणजे कोण हे ठाऊक असतं. लहान वस्तीत तर नावासकट ठाऊक असतं.

३. जवळ काय काय हवं

- विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता. मृत्यू-समीक्षक न्यायालयांच्या (संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या; तिथला अधिकारी म्हणजे कोरोनर) फाइली पाहायच्या असतील तर स्वतंत्र मान्यता लागते. राष्ट्रीय कोरोनियल माहिती प्रणालीसाठी व्हिक्टोरिया राज्याच्या न्याय विभागाच्या समितीकडे अर्ज करावा लागतो आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या फाइलींसाठी त्या राज्याच्या समितीकडे वेगळा. दोन्हींना महिने लागतात, अर्ज आधीच टाकून ठेवा.
- ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्सचे लोकसंख्येचे अंदाज: वय, लिंग आणि राज्यानुसार.
- व्याख्यांची वही. हो, वेगळी वही किंवा वेगळी फाइल. प्रत्येक स्रोताची ‘हत्या’, ‘जोडीदार’, ‘वर्ष’ आणि ‘माहिती नाही’ यांची व्याख्या तारखेसह उतरवून ठेवायची.
- एक्सेल किंवा ‘आर’ हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. यापेक्षा भारी साधन लागत नाही.
- बोलायला कोणीतरी. या फाइली वाचणं जड जातं. १८००रिस्पेक्ट ही राष्ट्रीय हेल्पलाइन १८०० ७३७ ७३२ वर आणि फर्स्ट नेशन्स लोकांनीच चालवलेली १३यार्न ही १३ ९२ ७६ वर, दोन्ही चोवीस तास. सहकाऱ्यांसाठीही हे क्रमांक भिंतीवर लावून ठेवा.

४. आकडे कुठून येतात

मुख्य स्रोत चार आहेत आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा आहे.

पहिला, ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजीचा राष्ट्रीय हत्या-निरीक्षण कार्यक्रम. १ जुलै १९८९ पासूनच्या नोंदी, पोलिसांच्या आणि कोरोनरच्या माहितीची सांगड घालून. यात खून आणि मॅनस्लॉटर (खुनाइतका हेतू नसलेला मनुष्यवध) धरतात, वाहन चालवताना झालेले मृत्यू वगळतात. वर्ष जुलै ते जून. नवख्याने सुरुवात इथून करावी, कारण नातं आणि समाज हे दोन्ही रकाने एकाच ठिकाणी मिळतात. या संस्थेच्याच हिशेबानुसार जुलै १९८९ ते जून २०२३ या काळात ४७६ फर्स्ट नेशन्स स्त्रियांची हत्या झाली आणि मारेकरी आजी किंवा माजी जोडीदार असण्याचं प्रमाण ७२ टक्के होतं.

दुसरा, ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्सची गुन्हे-बळींची वार्षिक आकडेवारी. हिचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि घटना कधी घडली यापेक्षा पोलिसांकडे कधी आली हे महत्त्वाचं. ‘हत्या आणि संबंधित गुन्हे’ या शीर्षकात इथे खुनाचा प्रयत्नही येतो. म्हणजे त्या मथळ्याखालचा आकडा तसाच उचललात तर जिवंत असलेल्या स्त्रियाही तुमच्या मृतांच्या यादीत जातील. शिवाय फर्स्ट नेशन्स बळींची माहिती सगळ्या राज्यांची छापली जात नाही. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांची मिळते. हा आकडा ‘ऑस्ट्रेलियाचा’ म्हणून देऊ नका.

तिसरा, मृत्यूच्या कारणांची नोंद. वैद्यकीय वर्गीकरणातल्या हल्ल्याच्या सांकेतांकांवरून कोण हल्ल्यात गेलं हे कळतं, मारणारा कोण हे बहुतेक वेळा कळत नाही. पडताळणीला उपयोगी, मुख्य मोजणीला नाही.

चौथा, कौटुंबिक हिंसाचारातल्या मृत्यूंची समीक्षा करणाऱ्या राज्यवार गटांचं जाळं, २०११ पासूनचं. हे लोक एकेक प्रकरण उघडून पाहतात: आधीची हिंसा, पोलिसांना केलेले फोन, संरक्षण आदेश, विभक्त होण्याची तारीख. जुलै २०१० ते जून २०१८ या काळातल्या जोडीदार-हत्यांच्या ३११ प्रकरणांचा त्यांचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यांपैकी २४० मध्ये पुरुषाने आजी किंवा माजी स्त्री-जोडीदाराला मारलं होतं. संख्या पहिल्या स्रोताइतकी अद्ययावत नसते, पण ‘हे कसं घडलं’ याचं उत्तर इथेच सापडतं.

हे चार आकडे एकमेकांत मिसळू नका. अंश एकाचा आणि टक्केवारी दुसऱ्याची घेतलेले तक्ते मी नामांकित अहवालांतही पाहिले आहेत.

५. पहिला रकाना: ती कोण होती

जिवंत माणसाला विचारायचा इथला प्रमाण प्रश्न सोपा आहे: ‘तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टॉरस स्ट्रेट आयलंडर वंशाच्या आहात का?’ उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. मृत स्त्रीला कोण विचारणार? मग कधी कुटुंबीय सांगतात, कधी अंत्यविधीची व्यवस्था करणारी संस्था फॉर्म भरते, कधी पोलिसांच्या जुन्या नोंदीतून उत्तर येतं आणि कधी एखादा अधिकारी चेहऱ्यावरून ठरवतो. गोऱ्या वर्णाची, शहरात राहणारी, इंग्रजी आडनावाची ॲबोरिजिनल स्त्री इथे हमखास निसटते. दूरच्या वस्तीतली सहसा निसटत नाही. याचा परिणाम असा की आकडेवारीत हा प्रश्न फक्त दूरच्या वस्त्यांचा वाटू लागतो, आणि शहरातल्या स्त्रियांसाठीच्या सेवांना पैसे मागताना हाताशी पुरावा राहत नाही.

करायचं काय?

‘माहिती नाही’ ही नोंद ‘नाही’मध्ये कधीही ढकलू नका. सॉफ्टवेअर ते गुपचूप करतं. सारणी बनवताना रिकामे रकाने कुठे गेले ते स्वतः बघा. प्रत्येक वर्षी अशा किती नोंदी आहेत त्याचा वेगळा स्तंभ ठेवा. मग हिशेब दोनदा करा: एकदा त्या नोंदी पूर्ण वगळून, एकदा ज्ञात नोंदींच्या प्रमाणात वाटून. दोन्ही उत्तरं छापा. काळानुसार वाढ दिसली तर आधी हे पाहा की हत्या वाढल्या की नोंदणी सुधारली.

दोन स्रोत जोडताना नावावर विसंबू नका. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अनेक समाजांत माणूस गेल्यावर त्याचं नाव काही काळ उच्चारत नाहीत. ‘कुमनजयी’सारखं पर्यायी नाव वापरतात. त्यामुळे पोलिसांच्या फाइलीत एक नाव, कोरोनरच्या निकालात दुसरं, बातमीत तिसरं, असं होतं. स्पेलिंगही बदलतं. संगणकाने नावं जुळवली तर एकच स्त्री दोनदा मोजली जाईल किंवा मुळीच सापडणार नाही. मृत्यूची तारीख, वय, ठिकाण आणि प्रकरण क्रमांक यांवरून हाताने जुळवा. संख्या मोठी नाही, हाताने होतं. आणि तुमच्या लेखनात नाव किंवा छायाचित्र वापरायचं असेल तर कुटुंबाची परवानगी लागते. न्यायालयाच्या निकालात छापलेलं आहे म्हणून ती लागत नाही, असं नाही.

६. दुसरा रकाना: तो तिचा कोण होता

‘जोडीदार’ म्हणजे फक्त नवरा नव्हे. हत्या-निरीक्षण कार्यक्रमात विवाहित, लग्नाशिवाय एकत्र राहणारे, प्रियकर-प्रेयसी, विभक्त झालेले, समलिंगी जोडीदार असे सगळे धरतात. दुसऱ्या एखाद्या स्रोतात ‘बॉयफ्रेंड’ हा ‘ओळखीचा’ या गटात पडलेला असू शकतो. परंपरेनुसार ठरलेलं लग्न कुठल्या सरकारी कागदावर नसतं, तेव्हा पोलिसांच्या फॉर्मवर तो ‘नातेवाईक’ किंवा ‘ओळखीचा’ म्हणून उमटू शकतो. तुलना करण्याआधी प्रत्येक स्रोताची नात्यांची यादी समोरासमोर मांडून बघा.

न उलगडलेल्या प्रकरणांत नात्याचा रकाना रिकामाच असतो. म्हणून ‘७२ टक्के’सारखा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारा: कशाच्या ७२ टक्के? सगळ्या बळींच्या, की मारेकरी कळलेल्या प्रकरणांच्या? तक्त्याखालची तळटीप याच कामासाठी असते.

आणखी एक सापळा, आणि हा मला सगळ्यात गंभीर वाटतो. बळी ॲबोरिजिनल म्हणून मारणाराही ॲबोरिजिनलच, असं गृहीत धरून वाक्यं लिहिली जातात. तसं धरायला आधार नाही. इतर समाजांतल्या पुरुषांनी मारलेल्या फर्स्ट नेशन्स स्त्रियाही या संख्येत आहेत. आरोपीचा समाज हा तिसरा, स्वतंत्र रकाना आहे आणि तो बऱ्याच वेळा अपुरा भरलेला असतो. तो नसेल तर त्याबद्दल काहीही लिहू नका. ‘त्यांच्या समाजातला प्रश्न’ या तीन शब्दांनी किती नुकसान होतं, हे इथल्या बायका सांगून थकल्या आहेत.

७. जे हत्या म्हणून नोंदलंच गेलं नाही

समजा, एक काल्पनिक फाइल तुमच्यासमोर आहे. पस्तिशीतली स्त्री, घराच्या पायऱ्यांखाली बेशुद्ध सापडली, तीन दिवसांनी रुग्णालयात मरण पावली. फाइलीत जोडीदाराविरुद्ध चालू असलेला संरक्षण आदेश. शवविच्छेदनात डोक्याची इजा आणि अंगावर वेगवेगळ्या दिवसांचे व्रण. पोलिसांची पहिल्या दिवसाची नोंद: ‘दारूच्या नशेत पडली.’ कोरोनरचा निष्कर्ष: इजा कशी झाली हे ठरवता येत नाही. ही नोंद हत्यांच्या कोणत्याही तक्त्यात जाणार नाही. तुमच्या दहा वर्षांच्या मोजणीत तिचं अस्तित्व नाही.

अशा नोंदी मुख्य संख्येत घालू नका. तो अधिकार तुमचा नाही. पण दुसरा तक्ता करा: ‘अनिश्चित कारण, जोडीदाराच्या हिंसेचा पूर्वेतिहास असलेले मृत्यू’. निकष आधी लिहा, दोघांनी स्वतंत्रपणे फाइली वाचून वर्गीकरण करा, मतभेद किती झाले ते नोंदवा. वाचकाला मग खालची मर्यादा आणि संभाव्य वरची मर्यादा, दोन्ही दिसतात. बेपत्ता असलेल्या आणि मृतदेह न सापडलेल्या स्त्रियांसाठी असाच तिसरा तक्ता लागतो. संसदेच्या सिनेट समितीने बेपत्ता आणि हत्या झालेल्या फर्स्ट नेशन्स स्त्रिया आणि मुलांवरचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये दिला; अपुऱ्या नोंदी हा तिथे पुन्हा पुन्हा आलेला मुद्दा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या कोरोनरने जोडीदारांनी मारलेल्या चार ॲबोरिजिनल स्त्रियांच्या मृत्यूंवर एकत्रित निष्कर्ष दिले, ३५ शिफारशींसह. तो दस्तऐवज पूर्ण वाचा. एका स्त्रीने किती वेळा मदत मागितली आणि ती मागणी कोणत्या शब्दांत नोंदवली गेली, हे कळल्यावर तुम्ही पोलिसांच्या मुक्त मजकुराच्या नोंदी वेगळ्या नजरेने वाचाल.

कायद्याच्या कलमांकडेही लक्ष असू द्या. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये ‘बेकायदा मारहाणीमुळे मृत्यू’ असा वेगळा गुन्हा आला. एका ठोशात जीव जाण्याच्या घटनांसाठी तो आणला होता, पण जोडीदाराच्या मारहाणीत स्त्री गेल्याच्या खटल्यांतही वापरला गेला. फक्त ‘खून’ आणि ‘मॅनस्लॉटर’ एवढ्या शीर्षकांवरून न्यायालयीन नोंदी चाळल्यात तर ही प्रकरणं हातून सुटतात. प्रत्येक राज्याच्या कायद्यातल्या अशा कलमांची यादी वहीत हवी.

८. छेद: लोकसंख्या कोणती घ्यायची

अंशावर महिना घालवून छेद दोन मिनिटांत उचलणारे खूप आहेत. २०२१ च्या जनगणनेत ८,१२,७२८ लोकांनी स्वतःची नोंद ॲबोरिजिनल किंवा टॉरस स्ट्रेट आयलंडर अशी केली. जनगणनेतून सुटलेल्यांचा हिशेब धरून ब्युरोने ३० जून २०२१ साठी काढलेला अंदाज ९,८३,७०९ आहे. दोन्हींत २१ टक्क्यांचा फरक. जनगणनेचा कच्चा आकडा छेदात घेतलात तर दर आपोआप २१ टक्क्यांनी फुगतो. तेव्हा छेदात अंदाजित लोकसंख्याच घ्या.

पुढचा पेच काळाचा. २०१६ च्या जनगणनेत ही संख्या ६,४९,१७१ होती. पाच वर्षांत २५ टक्के वाढ जन्म-मृत्यूच्या हिशेबात बसत नाही. आधी स्वतःची ओळख न सांगणाऱ्या अनेकांनी २०२१ मध्ये ती सांगितली. छेद असा वाढला आणि पोलिसांच्या नोंदीत मात्र ओळख पटवण्याची पद्धत जुनीच राहिली, तर दर कागदावर कमी झालेला दिसेल, आणि एकाही स्त्रीचा जीव वाचलेला नसेल. उपाय: ब्युरो दर जनगणनेनंतर मागच्या वर्षांचे अंदाज नव्याने काढून देतो. संपूर्ण काळासाठी एकाच जनगणनेवर आधारलेली मालिका वापरा. २०१६ वर बेतलेली अर्धी आणि २०२१ वर बेतलेली अर्धी अशी जोडणी नको.

वयाचाही विचार हवा. फर्स्ट नेशन्स लोकसंख्येचं मध्यक वय २४, बाकीच्यांचं ३८ च्या आसपास. जोडीदाराकडून हत्येचा धोका ज्या वयात जास्त, ते वय आणि लोकसंख्येची घडण यांची सरमिसळ टाळायची तर १५ वर्षांवरील स्त्रियाच छेदात घ्या आणि शक्य असेल तिथे वयोप्रमाणित दर (वयोगटांच्या घडणीतला फरक काढून टाकलेला दर) काढा.

९. लहान संख्या जपून हाताळा

हे कोष्टकावर करून बघा. समजा, एका वर्षात १२ हत्या आणि छेदात ३,३०,००० स्त्रिया (आकडे फक्त सरावासाठी). दर लाखामागे ३.६. पण १२ ही संख्या इतकी लहान आहे की पॉयसन पद्धतीने (विरळ घटनांच्या मोजणीसाठीची संख्याशास्त्रीय रीत) ९५ टक्के मर्यादा, म्हणजे योगायोगाचा चढउतार धरून येणारी कक्षा, ६.२ ते २१.० येतात, म्हणजे दर १.९ ते ६.४ यांमध्ये कुठेही. पुढच्या वर्षी ९ झाल्या की ‘२५ टक्के घट’ आणि १५ झाल्या की ‘२५ टक्के वाढ’ अशी बातमी होते, आणि दोन्हींतून काहीच सिद्ध होत नाही. तेच दहा वर्षांच्या १२० हत्या एकत्र घेतल्या तर दर तोच राहतो, मर्यादा ३.० ते ४.३ इतक्या जवळ येतात. वार्षिक ऐवजी तीन किंवा पाच वर्षांची सरासरी द्या.

एक्सेलमध्ये खालची मर्यादा काढायची रीत: काय-स्क्वेअरचं व्यस्त फल, संभाव्यता ०.०२५, स्वातंत्र्य-मात्रा संख्येच्या दुप्पट, उत्तराचं अर्ध. वरच्यासाठी संभाव्यता ०.९७५ आणि मात्रा संख्येच्या दुपटीत दोन मिळवून.

चढउतार फक्त लहान समाजांच्या आकड्यांत असतो असंही नाही. संपूर्ण ऑस्ट्रेलियात जोडीदाराने मारलेल्या स्त्रिया २०२२-२३ मध्ये ३४ आणि २०२३-२४ मध्ये ४६ होत्या.

राज्य, वय आणि वर्ष असा तिहेरी तक्ता छापू नका. एखाद्या घरात ‘१’ दिसला की त्या भागातल्या लोकांना ती कोण हे लगेच कळतं. पाचपेक्षा लहान संख्या झाका, आणि बेरजेवरून वजाबाकी करून ती काढता येत नाही ना हेही तपासा.

१०. ‘पट’ आणि ‘टक्के’ यांत गल्लत नको

कॅनडाचं उदाहरण घेते, कारण गल्लत तिथे फार स्पष्ट दिसते. तिथल्या राष्ट्रीय पोलीस दलाने २०१४ मध्ये १९८० ते २०१२ या काळातला हिशेब दिला: मूलनिवासी स्त्रियांच्या १,०१७ हत्या आणि १६४ बेपत्ता. महिला लोकसंख्येत त्या ४.३ टक्के, मारल्या गेलेल्या महिलांत १६ टक्के. त्याच अहवालात नवरा किंवा पूर्वीचा नवरा मारेकरी असण्याचं प्रमाण मूलनिवासी स्त्रियांत २९ टक्के आणि इतर स्त्रियांत ४१ टक्के होतं. यावरून ‘मूलनिवासी स्त्रियांना नवऱ्याकडून धोका कमी’ असं म्हणणारे निघालेच.

गुणाकार करून बघा. ४.३ आणि १६ या आकड्यांवरून हत्येचा एकूण दर ढोबळमानाने चौपट निघतो. चौपटीचे २९ टक्के आणि एकपटीचे ४१ टक्के यांची तुलना केली तर नवऱ्याकडून हत्येचा दर साधारण तिप्पट येतो. टक्का कमी दिसला, कारण ओळखीच्या पुरुषांनी केलेल्या हत्या फार जास्त होत्या: ३० टक्के, इतर स्त्रियांत १९. म्हणून टक्केवारीसोबत दर आणि प्रत्यक्ष संख्या दोन्ही द्या. आणि जोडीदार-हत्यांच्या तक्त्याशेजारी इतर नात्यांतल्या हत्यांचा तक्ता ठेवा, नाहीतर दीर, चुलत भाऊ किंवा शेजारी यांनी मारलेली स्त्री तुमच्या अहवालात कुठेच नसते.

तिथे सगळ्या बळींची मूलनिवासी ओळख पोलिसांकडून पूर्णपणे मिळायला २०१४ साल उजाडलं, आणि तिथली हत्यांची राष्ट्रीय नोंदणी १९६१ पासूनची आहे. २०१४ च्या आधीच्या मालिकांशी नंतरच्या सरळ जोडू नका.

११. हेच काम महाराष्ट्रात करायचं असेल तर

बरेच जण हे विचारतात, म्हणून थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वार्षिक अहवालात अनुसूचित जमातींविरुद्धच्या गुन्ह्यांचं प्रकरण आहे, पण त्यात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या आरोपींनी केलेले गुन्हे येतात. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या आदिवासी स्त्रीला तिच्याच समाजातल्या नवऱ्याने मारलं तर ती खुनांच्या एकूण संख्येत असते, त्या प्रकरणात नसते. खुनांच्या तक्त्यात हेतू मिळतो (प्रेमप्रकरण, कौटुंबिक वाद वगैरे), नातं मिळत नाही. हुंडाबळी हे आणखी वेगळं शीर्षक. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही रकाने एकत्र असलेला छापील तक्ता इथे नाही.

रस्ता सत्र न्यायालयाच्या निकालांतून जातो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून खुनाचे आणि हुंडाबळीचे निकाल काढता येतात, आणि आरोपी तिचा कोण होता हे निकालाच्या पहिल्या दोन पानांत जवळपास नेहमी असतं. तिची जमात मात्र सहसा नसते. इथे आडनावावरून किंवा गावावरून जमात ठरवायचा मोह होतो. तो टाळा, ऑस्ट्रेलियातल्या चेहरा पाहून ओळख ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने जे केलं, तेच ते होईल. एकच जिल्हा घ्या, पाच वर्षं घ्या, तिथल्या स्त्री-संघटनेला आणि ग्रामसभांना सोबत घ्या, आणि जमातीच्या रकान्यात उत्तर मिळालं नाही तिथे ‘माहिती नाही’ असंच लिहा.